सेल बदलल्यावर सुरू न होणाऱ्या संगणकास अनावृत पत्र

बोरीवली (पश्चिम)

प्रिय संगणका,

स. न. वि. वि.

वडापाव-चहाच्या पैशात येणारा एक सेल बदलला आणि त्यानंतर तू सुरूच झाला नाहीस. एवढ्यावरून "बोर्ड गेला, आता नवीनच घ्या" असा निकाल देऊन मंडळी मोकळी झाली. हा निकाल घाईचा आहे आणि बहुतेक वेळा चुकीचा आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. तुला तुझी बाजू मांडता येत नाही. तुझं काय करायचं हे ठरवणाऱ्यांनी ती वाचावी, म्हणून पत्र तुझ्या नावाने असलं तरी उघड ठेवलं आहे.

बोरीवलीत मी संगणक दुरुस्तीचं काम करतो. गोराईच्या म्हाडा वसाहतीतली घरं, आय. सी. कॉलनीतले क्लास, लोकमान्य टिळक रोडच्या मागच्या गल्ल्यांतली टायपिंग-झेरॉक्सची दुकानं, बाभई-वझिऱ्याकडचे फोटोवाले, सगळीकडून येणारी तक्रार जवळपास त्याच शब्दांत असते : "तारीख चुकत होती म्हणून सेल टाकला. कालपर्यंत चालत होता हो, आता डिस्प्लेच येत नाही." दिवाळीच्या साफसफाईत तर ही तक्रार हमखास येते, कारण त्याच दिवसांत कॅबिनेट टेबलाखालून बाहेर निघतं, उघडलं जातं आणि "आता उघडलंच आहे तर सेलही बदलून टाकू" असं कोणीतरी म्हणतं.

माझं म्हणणं सरळ आहे. सेल बदलल्यामुळे मदरबोर्ड मरत नाही. सेल बदलताना दोन गोष्टी घडतात. एक, तू तुझी जपून ठेवलेली टिपणं विसरतोस. दोन, माणसाचा हात तुझ्या पोटात फिरतो. तू बंद पडण्याचं कारण जवळजवळ नेहमी या दोहोंपैकी एकात सापडतं, आणि दोन्ही कारणांवर घरच्या घरी इलाज करता येतो. त्यासाठी घाई सोडावी लागते आणि क्रमाने जावं लागतं.

आधी हा सेल करतो काय, ते सांगतो. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्या बोर्डवर वीज गेल्यावरही चालणारं घड्याळ नव्हतं. यंत्र चालू केलं की तारीख आणि वेळ माणसाने टाइप करायची. मेमरी किती, फ्लॉपी ड्राइव्ह किती, हे बोर्डवरच्या बारीक स्विचांनी सांगायचं. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही चिप आली. तिच्यात सगळे मिळून ६४ बाइट होते. त्यांतले १४ घड्याळाचे आणि उरलेले ५० टिपणांसाठी. वीज गेली तरी हे पुसलं जाऊ नये म्हणून जोडीला बॅटरी आली. ही चिप सीमॉस जातीची, म्हणजे अगदी थोड्या विजेवर जगणारी. तेव्हापासून आजपर्यंत त्या सेलला सगळे सीमॉस सेल म्हणतात. आताच्या बोर्डांमध्ये बरीचशी सेटिंग वेगळ्या फ्लॅश चिपमध्ये असतात. तरीही घड्याळ सेलवरच चालतं, आणि पुष्कळ बोर्डांवर सेल काढला की सेटिंग कारखान्यातल्या मूळ अवस्थेला जातात.

तुझ्या पोटातला तो चकचकीत गोल सेल बहुधा सीआर २०३२ असतो. त्या आकड्यातच त्याचं माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. लिथियमचा सेल, ३ व्होल्टचा, क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. घड्याळाला लागतात फक्त काही मायक्रोअँपिअर. ३ मायक्रोअँपिअर धरले तर हिशेब ७३ हजार तासांवर जातो, म्हणजे आठ वर्षांहून जास्त. शिवाय तू भिंतीच्या प्लगला जोडलेला आणि प्लगचं बटण चालू असेल, तर एसएमपीएसमधून, म्हणजे तुला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, येणाऱ्या स्टँडबाय विजेवर घड्याळ चालतं आणि सेलवर भार येत नाही. आपल्याकडे रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आहे. वीज वाचते, विजांच्या दिवसांत धोकाही टळतो, सवय चांगलीच आहे. पण मग रात्रभर घड्याळाचं ओझं सेलच्या एकट्याच्या अंगावर पडतं. अशा घरात सेल लवकर उतरला, तर त्यात तुझा काही दोष नाही.

उतरलेला सेल पुष्कळ दिवस लपूनही राहतो. बटण कायम चालू असलेल्या ऑफिसात तो उतरल्याचं कोणाच्या लक्षातच येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळलं, अख्खी मुंबई आणि आसपासची शहरं अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा दिवशी वीज परत आल्यावर एखादा संगणक भलतीच तारीख दाखवत उठतो आणि लोक म्हणतात, "लाइट गेल्यामुळे बिघडला." खरं तर सेल आधीच संपलेला असतो. लाइट गेल्यामुळे ते उघडकीला आलं, एवढंच.

आता तुझ्या एका भाऊबंदाची गोष्ट सांगतो, कारण दोन्ही कारणं त्याच्यात एकत्र आली होती. बाभईतल्या एका गाळ्यात लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करणारे एक दादा आहेत. त्यांच्या संगणकाचा सेल ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेला. तिथपर्यंत बोट पोचत नव्हतं, म्हणून त्यांच्या पुतण्याने कार्ड काढलं, सेल बदलला, कार्ड परत बसवलं, स्क्रू आवळला. बटण दाबल्यावर पंखे फिरले, दिवा लागला, पडदा मात्र काळाच राहिला. फोनवर एका कारागिराने न बघताच सांगून टाकलं, बोर्ड गेला.

मी कॅबिनेट आडवं केलं आणि टॉर्च मारली. ग्राफिक्स कार्डाची सोनेरी कडा पुढच्या बाजूला स्लॉटमध्ये पूर्ण आत होती. मागच्या टोकाला मात्र ती दोराभर वर दिसत होती. स्लॉटची खिटी उघडीच होती. मागचा स्क्रू कार्ड तिरकं असतानाच आवळल्यामुळे ते तसंच धरून ठेवलं गेलं होतं. स्क्रू सैल केला, कार्ड दोन्ही टोकांना अंगठ्याने सारखं दाबलं, खिटी टक् करून बसली. पडद्यावर अक्षरं आली : सीमॉस चेकसम एरर, डीफॉल्ट सेटिंग लोड केली आहेत, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. एफ१ दाबलं. विंडोजचं चिन्ह आलं, ठिपके फिरले आणि निळा पडदा.

दादांचा चेहरा उतरला. त्या डिस्कवर त्या मोसमातल्या लग्नांचे फोटो होते, अल्बम अजून घरोघर जायचे होते. "डिस्क पण गेली का?" त्यांनी विचारलं. डिस्क ठणठणीत होती. मूळ विक्रेत्याने विंडोज घालताना बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगच्या पानांवर, साटाचा मोड, म्हणजे बोर्डने डिस्कशी बोलायची पद्धत, रेड अशी ठेवली होती. सेल काढल्यावर बोर्ड आपल्या मूळ सेटिंगवर, म्हणजे एएचसीआयवर गेला. विंडोजला ज्या वाटेने डिस्क गाठायची शिकवण होती ती वाटच बदलली. बायोसमध्ये जाऊन मोड पूर्वीसारखा केला, सेव्ह केलं, आणि डेस्कटॉपवर नवरा-नवरींच्या नावांचे फोल्डर जसेच्या तसे उभे राहिले. एका कार्डाची खिटी आणि बायोसमधली एक ओळ, एवढाच दोष होता.

म्हणून संगणका, तुझ्या तपासणीत पहिला प्रश्न हाच असायला हवा : बटण दाबल्यावर नक्की काय होतं? काहीच हालचाल नाही, की पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, की डिस्प्ले येतो पण विंडोज उठत नाही? या तीन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. "चालू होत नाही" एवढंच सांगितलं तर समोरचा अंदाजच करणार, आणि अंदाज करणारा माणूस सगळ्यात महागडा भाग आधी बदलायला सांगतो.

काहीच हालचाल नसेल तर बाहेरून आत यावं. एसएमपीएसच्या मागे एक छोटा काळा स्विच असतो. काम करायला घेताना शहाण्या माणसाने तो बंद केलेला असतो आणि नंतर विसरलेला असतो. मग वायरी. २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा, दोन्ही खिटी बसेपर्यंत दाबावेत. पुढच्या पॉवर बटणाची बारीक दोन पिनांची वायर हात लागून निघते, ती बघावी. त्यानंतर सेल. आडव्या खाचेत अधिक चिन्हाची बाजू वर, उभ्या खाचेत बोर्डवर छापलेल्या खुणेप्रमाणे. सेलचा नंबरही वाचावा. सीआर २०२५ दिसायला तसाच आणि व्यासालाही तेवढाच असतो, पण २.५ मिलिमीटर जाड. तो २०३२ च्या खाचेत सैल बसतो, कधी टेकतो, कधी टेकत नाही. एलआयआर २०३२ हा चार्ज होणारा सेल आहे, त्याचा दाब जास्त असतो, तो तुझ्यासाठी नाही. काही कंपन्या मुलांनी तोंडात घालू नये म्हणून सेलला कडू लेप देतात. एखाद्या खाचेत त्या लेपामुळे संपर्क नीट होत नाही, तेव्हा कोरड्या कापडाने कड पुसावी किंवा साधा सेल घ्यावा.

सेलच्या आसपास तीन पिनांवर एक प्लास्टिकची टोपी असते, क्लिअर सीमॉसची. कोणीतरी व्हिडिओ बघून ती सरकवलेली असते आणि तशीच ठेवलेली असते. ती पुसण्याच्या जागी राहिली तर पुष्कळ बोर्ड उठतच नाहीत. ती मूळ दोन पिनांवर आणावी. एवढं करूनही सामसूम असेल तर तुला पूर्ण रितं करावं : प्लग काढायचा, सेल काढायचा, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरायचं, काही मिनिटं थांबायचं, सेल नीट बसवून पुन्हा प्रयत्न करायचा. अडकून राहिलेली वीज उतरते आणि तुझी टिपणं खरोखर कोरी होतात.

पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, ही सगळ्यात जास्त घाबरवणारी तक्रार आहे. इथे पहिला इलाज थांबण्याचा. टिपणं पुसली गेल्यावर नव्या बोर्डांना रॅमची ओळख पुन्हा करून घ्यावी लागते. तू स्वतःच एक-दोनदा बंद-चालू होतोस, डीडीआर ५ रॅम असेल तर काही मिनिटं पडदा काळाच राहतो. या वेळात अस्वस्थ होऊन कोणी बटण दाबून तुला बंद केलं, की ओळख अर्धवट राहते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. तेव्हा बटणावरचा हात काढावा आणि चांगली दहा मिनिटं जाऊ द्यावीत.

त्यानंतर मॉनिटरची केबल. ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डाच्या पोर्टला हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतं, त्यांच्यात डिस्प्लेची सोयच नसते. अशा ठिकाणी केबल बोर्डच्या पोर्टला लावली तर जन्मभर काही दिसणार नाही. मग रॅम. सेल काढताना मनगट रॅमच्या पट्टीला लागतं आणि ती केसभर हलते. गोराईच्या खाडीकडून येणारी खारट दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी तिच्या सोनेरी दातांवर आधीच थर चढवलेला असतो. आतापर्यंत ती न हलता टेकून होती म्हणून चालत होतं, हलली आणि संपर्क तुटला. पट्टी काढावी, दात मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत, भुगा झटकावा, एकच पट्टी लावून बघावी, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये बघावी. आपल्याकडची ही जुनी युक्ती आजही कामाची आहे. खोडरबर मऊ हवा आणि हात हलका हवा, एवढं सांभाळावं.

तू गप्प दिसतोस, पण खुणा करतोस. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. नव्या बोर्डांच्या कडेला प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात, जो लागून राहील तिथे अडलं आहे. या खुणा बोर्डच्या पुस्तिकेत दिलेल्या असतात आणि ती पुस्तिका कंपनीच्या साइटवर फुकट मिळते. तेवढ्यावरही उलगडा झाला नाही, तर प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि डिस्प्ले एवढंच ठेवून बाकी सगळं काढावं आणि एकेक वस्तू परत जोडत जावं. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

तिसरी तक्रार, डिस्प्ले येतो पण विंडोज उठत नाही. इथे तुझं शरीर धडधाकट आहे, फक्त टिपणं नव्याने लिहायची आहेत. डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जावं. आधी तारीख-वेळ. मग बूटचा क्रम, म्हणजे विंडोज असलेली डिस्क पहिली. मग साटाचा मोड, जो बाभईच्या गोष्टीत सांगितला. त्याची ठरलेली खूण म्हणजे निळ्या पडद्यावरचे इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस हे शब्द, किंवा जुन्या विंडोजमध्ये शेवटी ७बी असलेला कोड. मग सुरू होण्याची पद्धत यूईएफआय ही नवी आहे की लेगसी ही जुनी, हे बघावं. जुन्या पद्धतीने घातलेलं विंडोज नुसत्या यूईएफआयवर उठत नाही आणि बोर्ड म्हणतो, बूट करण्याजोगी डिस्कच नाही. डिस्क तिथेच असते, बोर्ड तिला दुसऱ्या पद्धतीने शोधत असतो.

लॅपटॉपवर आणि काही नव्या डेस्कटॉपवर आणखी एक कुलूप असतं, बिटलॉकरचं. सुरक्षेची सेटिंग बदलली की तो ४८ अंकी किल्ली मागतो. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. सेल बदलण्यापूर्वी ती शोधून कागदावर लिहून ठेवणं हा या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा पाच मिनिटांचा वेळ आहे. किल्ली खरोखर नसेल तर त्या डिस्कवरचं काही परत मिळत नाही, आणि त्या वेळी माझ्यासारखा माणूसही काही करू शकत नाही.

आणि इथेच ते दुसरं वाक्य येतं, ज्याची मला मनापासून चीड आहे : "फॉरमॅट मारावा लागेल." सेल बदलल्यावर आलेला दोष सेटिंगचा असतो. तो घालवण्यासाठी डिस्क पुसायची काहीच गरज नसते. फॉरमॅटनंतर तू सुरू होतोस हे खरं. पण तुझ्याबरोबर आजीचा आवाज, मुलीचा प्रोजेक्ट, सोसायटीच्या मेंटेनन्सचे हिशेब, गिऱ्हाइकांचे फोटो गेलेले असतात. जो कारागीर बायोस न उघडता फॉरमॅट सुचवतो, त्याला तुझ्या घरच्यांनी नम्रपणे "थांबा" म्हणावं.

तारखेचं मी पुन्हा सांगतो, कारण तिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात. तारीख चुकीची राहिली तर तू सुरू होशील, पण बँकेची साइट उघडणार नाही. ब्राउझर म्हणेल, कनेक्शन सुरक्षित नाही. प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ती तुझ्या घड्याळावरून तपासली जाते. या शहराने एके काळी स्वतःचं वेगळं घड्याळ चालवलं आहे. १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली ग्रिनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटं पुढची वेळ सोडली नाही. १९५५ पर्यंत मुंबई टाइम प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालत राहिला. गावातल्या माणसांचे व्यवहार आपसात होते, म्हणून ते चाललं. तुझे व्यवहार जगभरच्या यंत्रांशी आहेत. तुझ्या घड्याळाच्या क्रिस्टलची कंपनं सेकंदाला ३२,७६८ असतात, ती पंधरा वेळा निम्मी करत गेलं की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. तो ठोका रात्रंदिवस चालू ठेवणं हेच त्या सेलचं काम. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. एकाच संगणकात विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल, तर सेलला बोल लावू नये. विंडोज बोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स जागतिक वेळ धरतं, त्यातला तो फरक आहे.

बोर्ड खरोखर कधीच जात नाही, असं मी म्हणणार नाही. प्लग चालू ठेवून लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने सेल उचकटला आणि तो सटकला, तर स्टँडबाय वीज नको तिथे पोचते, किंवा टोकाने बोर्डवरची केसासारखी तांब्याची रेघ तुटते. म्हणून प्लग काढूनच काम करावं, खिटी नखाने किंवा प्लास्टिकच्या काडीने दाबावी, हात आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला लावावा म्हणजे अंगातली स्थिर वीज तिथेच उतरते. नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ बोर्डांवर निळ्या-हिरव्या सालीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या झाळलेल्या असत. त्या गळून आजूबाजूच्या रेघा खात. तसला बोर्ड गेला असेल तर ते मान्य करावं. पण ते सगळं तपासल्यानंतर.

घाईचा निकाल आज जास्त महाग पडतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. तुझ्या पिढीतल्या पुष्कळांना विंडोज ११ घेत नाही, म्हणून "तसाही जुनाच आहे" हे कारण दुकानदाराच्या तोंडी तयार असतं. त्याला हे पुरेसं कारण वाटत असेल, मला वाटत नाही. लिनक्स घालून तू अजून कित्येक वर्षं मुलांचा अभ्यास, टायपिंग, हिशेब सांभाळू शकतोस. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. ते योग्यच झालं. पण आपल्याकडे हा हक्क त्याआधीपासून माणसांनी हाताने जपला आहे. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, एका रॅमपासून एका स्क्रूपर्यंत सुटी वस्तू मिळते, म्हणून आपले जुने संगणक जिवंत आहेत. बोरीवलीहून लोकलने तिथे जाऊन एक भाग आणणारा आणि घरी येऊन तो स्वतः बसवणारा मुलगा मला कुठल्याही नव्या खरेदीपेक्षा मोठा वाटतो.

काढलेल्या जुन्या सेलबद्दलही एक गोष्ट बजावून सांगायची आहे. तो टेबलावर, रांगोळीच्या डब्यात, देवघराच्या कट्ट्यावर ठेवू नये. लहान मुलाने २० मिलिमीटरचा लिथियम सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. उलटी करवू नये, वाट बघत बसू नये, तडक मोठ्या रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढावा. सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा. २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम एवढ्याशा सेललाही लागू आहेत.

तुझ्या घरच्यांना माझी विनंती अशी आहे. सेल बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर घ्या, बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवा. सेलचा नंबर वाचूनच नवा सेल आणा, प्लग काढूनच कॅबिनेट उघडा. काम झाल्यावर जिथे जिथे हात लागला असेल तिथली प्रत्येक खिटी पुन्हा दाबून बघा. त्यानंतरही संगणक उठला नाही, तर वर सांगितलेल्या क्रमाने जा, आणि कारागिराला बोलावलंत तर त्याने काय तपासलं हे त्याला विचारा. एवढं केल्याशिवाय कोणत्याही संगणकाला भंगारात देऊ नका आणि त्याची डिस्क कोणाला पुसू देऊ नका.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
बोरीवलीतला एक दुरुस्ती कारागीर